पेटीतलं अठराशे अठ्ठावन्न

ऊर्जानगरात राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची सवय करून घ्यावी लागते. एक म्हणजे दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी राखाडी होण्याची; आणि दुसरी म्हणजे शेजाऱ्यांनी आपल्या नोकरीचा भलताच अर्थ लावण्याची. मी वीज केंद्राच्या भांडारात होतो. यंत्रांच्या सुट्ट्या भागांवरचे नंबर वाचायचे नि वहीत उतरवायचे, एवढंच माझं काम. पण लोखंडावरची अक्षरं वाचणारा माणूस म्हणजे पुराणवस्तुसंशोधकच, अशी शेजारच्या काकांची समजूत होती.

एका रात्री ते धोतराच्या फडक्यात काहीतरी गुंडाळून आले आणि आधी खिडक्या लावून घेतल्या.

"हळू बोला. शेजारी ऐकून राहिले असतील."

"काका, शेजारी मीच आहे."

फडक्यातून रिव्हॉल्व्हर निघालं! लांब नळी, लाकडी मूठ, पोटाशी सहा घरांचं चक्र. काकांच्या थोरल्या भावाच्या माघारी त्याच्या पेटीत ते सापडलं होतं. काकांचे पणजोबा बाबुराव शेडमाक्यांच्या फौजेत होते, अशी घरात पूर्वापार आख्यायिका. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव १८५८ साली इंग्रजांवर उठले. २९ एप्रिलला चिंचगुंडी इथे तारखात्याच्या तळावर हल्ला झाला आणि गार्टलँड व हॉल हे दोन गोरे मारले गेले. २१ ऑक्टोबरला बाबुरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. हे रिव्हॉल्व्हर त्या तळावरचंच, असं काकांचं म्हणणं. पुरावा? त्यांनी नळीवर बोट ठेवलं. तिथे इंग्रजीत स्पष्ट कोरलं होतं : १४ सप्टेंबर १८५८.

मी चष्मा पुसला. भांडारात तीस वर्षं काढून मी एकच गोष्ट शिकलो होतो. वस्तूवर कोरलेली तारीख तिच्या जन्माची असेलच असं नाही. पंपावर पेटंटची तारीख असते म्हणून पंप काही त्या दिवशी ओतलेला नसतो.

"दोन आठवडे द्या," मी म्हटलं, आणि पुस्तकं धुंडाळली.

ही ठासणीची रिव्हॉल्व्हरं. प्रत्येक घरात काळी दारू घालायची, वर शिशाची गोळी ठासायची, मागे एकेक टोपी बसवायची. सहा बार उडवून पुन्हा भरेपर्यंत शत्रूचा चहा पिऊन व्हावा! सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत पेटंट घेतलं आणि १८५३मध्ये लंडनलाही कारखाना काढला. लंडनच्याच रॉबर्ट अ‍ॅडम्सने १८५१ साली आपलं निराळं रिव्हॉल्व्हर आणलं. सत्तावन्नच्या धामधुमीत गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला असायची ती मुख्यतः या दोघांची. काकांच्या रिव्हॉल्व्हरची घडण मात्र रेमिंग्टनची. त्याचं पेटंट फोर्डाइस बील्स याचं, तारीख तीच, १४ सप्टेंबर १८५८. प्रत्यक्ष माल निघाला तो अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१नंतर. लोक त्याला 'अठराशे अठ्ठावन्नचं' म्हणतात ते निव्वळ त्या पेटंटवरून.

म्हणजे चिंचगुंडीचा हल्ला झाला तेव्हा या रिव्हॉल्व्हरचं पेटंटसुद्धा निघालेलं नव्हतं. बाबुरावांच्या फाशीला पेटंटनंतर जेमतेम पाच आठवडे. नागपूरला आगगाडी आली १८६७ साली, सुएझचा कालवा खुला झाला १८६९ साली. अमेरिकेहून चांद्यापर्यंत ते आलं असतं कसं? उडत?

पण निदान अस्सल तरी? खऱ्या जुन्या शस्त्रावर क्रमांक असतात. विलायतेत विकलेलं असेल तर लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे मुकुटाचे बारीक ठसे असतात. १९५०च्या दशकाअखेरीपासून इटलीत अशा रिव्हॉल्व्हरांच्या उडणाऱ्या नकला होऊ लागल्या. त्यांच्यावर गार्दोनेच्या चाचणीगृहाचा ठसा आणि लहानशा चौकटीत सालाची सांकेतिक अक्षरं असतात. 'एए' असेल तर १९७५. काकांच्या रिव्हॉल्व्हरवर यांतलं काहीच नव्हतं. शेवटी नातवाच्या खेळण्यातलं लोहचुंबक आणलं. मुठीजवळच्या स्क्रूला ते चिकटलं. नळीला नाही, चक्रालाही नाही. पितळेची चौकट एखाद्या अस्सल रिव्हॉल्व्हरला असू शकते, पण नळी लोखंडाचीच हवी. ही होती जस्ताच्या मिश्रधातूची. बॅटरीच्या उजेडात नळीत डोकावलो तर दोन बोटांवर भिंत! गोळी निघायला वाटच नव्हती.

आता हे सांगायचं कसं? एखाद्याच्या पणजोबांना फौजेतून काढून टाकायचं म्हणजे काय सोपं काम आहे? मी घसा खाकरला, पेटंटपासून चुंबकापर्यंत सगळं सांगितलं. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे लायसन लागत नाही?"

"याने चिमणीसुद्धा उडणार नाही, काका."

त्यांनी असा काही सुस्कारा सोडला की मला वाटलं केंद्रातली वाफच सुटली. बावीस वर्षं ते तांदळाच्या पिंपात दडवलं होतं. दर निवडणुकीला शस्त्रं जमा करण्याचा हुकूम निघाला की त्यांची झोप उडायची. फेकून द्यावं तर पणजोबांचं. ठेवावं तर पोलिसांचं. पण सुस्कारा संपल्यावर चेहरा उतरला तो उतरलाच. "म्हणजे आमचे पणजोबा…" एवढंच म्हणाले.

एवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. "हे होय? हे तर थोरल्या भाऊजींचं. वडशाकडच्या मंडळीत नाटकात गोऱ्या साहेबाचं काम करत होते ना ते!"

झाडीपट्टीतलं नाटक! काका ताडकन उठले. "मग बावीस वर्षं बोलली कायले नाहीस?"

"मले कोणी इचारलं? तुम्ही तर तांदूळसुद्धा स्वतःच काढत होते."

मी दोन आठवडे जस्ताची उलटतपासणी करत होतो. साक्षीदार भिंतीपलीकडे तांदूळ निवडत होता. आता शहाणपण आलंच होतं म्हणून विचारलं, "आणि पणजोबांचं काय, काकू?"

"ते खरं असंल. सासूबाई सांगत. पण त्यांच्या हातात बंदूक कुठली? कुऱ्हाड होती म्हणत. गावाचं नावही सांगत."

रिव्हॉल्व्हर दुसऱ्या दिवसापासून टीव्हीवर राजरोस विराजमान झालं. मी मात्र कोरी वही घेऊन काकूंकडे गेलो. पहिल्या पानावर तारीख घातली, त्याच दिवसाची.