परदेशी नेमणूक आणि एक जपानी गाडी

परदेशी नेमणुकीवर गेलेल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना मोटारींचा नाद आहे, त्यांच्या बोलण्यात हल्ली जुन्या जपानी स्पोर्ट्‌स गाड्यांचा विषय वारंवार निघतो. त्यातही डॅटसन २४० झेड हे नाव प्रथम येते. लांब नाक, मागे उतरत गेलेले छप्पर, दोनच माणसांची बैठक, असे तिचे रूप. १९६९ च्या ऑक्टोबरात ती प्रथम लोकांपुढे आली, आणि तिचे सौंदर्य आजही जुने झालेले नाही. परंतु तिच्या यंत्राचे व रूपाचे वर्णन करणारे लोक तिच्या जन्माची खरी हकीकत बहुधा मागे ठेवतात. आमच्या मते ही हकीकत कारखान्यापासून सुरू करण्यापेक्षा एका बदलीच्या हुकमापासून सुरू करणे योग्य होईल. आणि बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांना ती अधिक जवळची वाटेल.

१९६० साली टोकियोच्या निसान कंपनीने युताका कातायामा नावाच्या आपल्या एका अधिकाऱ्यास अमेरिकेस धाडले. त्या वेळी त्यांचे वय पन्नाशीचे होते. जन्म १९०९ चा, शिक्षण केओ विद्यापीठात, आणि १९३५ पासून कंपनीच्या जाहिरात खात्यात नोकरी. मनुष्य हाडाचा मोटारवेडा. १९५८ साली ऑस्ट्रेलियाला वळसा घालणारी सुमारे सोळा हजार किलोमीटरची एक खडतर शर्यत भरली, तेव्हा 'फुजी' आणि 'साकुरा' अशा नावांच्या दोन छोट्या डॅटसन गाड्या घेऊन गेलेल्या तुकडीचे नेतृत्व कातायामांकडे होते. त्यातील एका गाडीने आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळविला. असा विजय मिळवून आलेल्या माणसास मुख्य कचेरीत मोठी जागा मिळावयास हवी होती. मिळाली ती समुद्रापलीकडील नेमणूक.

आपल्या सरकारी कचेऱ्यांत बदल्या दोन प्रकारच्या असतात, हे वाचकांस सांगावयास नको. एक, काम व्हावे म्हणून केलेली. दुसरी, माणूस नजरेआड व्हावा म्हणून केलेली. डेव्हिड हॅलबरस्टॅम या अमेरिकन पत्रकाराने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या 'द रेकनिंग' या ग्रंथात निसानच्या अंतःपुरातील राजकारण तपशिलाने मांडले आहे. त्या काळी कंपनीचे अध्यक्ष कात्सुजी कावामाता आणि कंपनीची मान्यताप्राप्त कामगार संघटना यांचे गूळपीठ होते. कातायामा त्या वर्तुळाबाहेरचे. तेव्हा त्यांची अमेरिकेची नेमणूक कोणत्या प्रकारची होती, याचा निर्णय करणे फारसे कठीण नाही.

अमेरिकेत डॅटसनला त्या वेळी कोणी विचारीत नव्हते. कंपनीची अमेरिकन शाखा १९६० च्या सप्टेंबरात स्थापन झाली होती. पश्चिम किनाऱ्याचा भार कातायामांकडे आला. गाड्या जपानच्या अरुंद रस्त्यांसाठी केलेल्या. लॉस एंजेलिसच्या लांबच लांब महामार्गांवर त्यांची ताकद अपुरी पडे, आणि थंडीच्या प्रदेशात त्या सकाळी चालू होण्यास कुरकुर करीत. कातायामा स्वतः गावोगाव हिंडून विक्रेते जमवीत. पहिला आधार मिळाला तो डॅटसनच्या लहान मालवाहू गाडीला. कॅलिफोर्नियात बागकाम करणाऱ्या जपानी वंशाच्या लोकांनी ती आनंदाने घेतली. हे सारे चालू असता कातायामा टोकियोस लिहीत राहिले की इथल्या रस्त्यांना मोठे इंजिन हवे, चांगले ब्रेक हवेत, अमुक हवे, तमुक हवे. दूरच्या ठाण्यावरून मुख्यालयास अशी पत्रे ज्यांनी लिहिली आहेत त्यांना या पत्रव्यवहाराची चव ठाऊक आहे. ज्याने रस्ता पाहिला नाही त्याला रस्त्याविषयी पटवून द्यावयाचे, असे ते काम.

एका बाबतीत मात्र त्यांचा हट्ट फळास आला, आणि त्या फळातूनच पुढे झेड निघाली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॅटसन ५१० ही नवी गाडी तयार होत होती. तिला अमेरिकेसाठी १,६०० घनसेंटिमीटरचे इंजिन द्यावे, असा कातायामांचा आग्रह होता. मुख्यालयाचा कल लहान इंजिनाकडे होता. शेवटी अमेरिकेस मोठे इंजिन मिळाले. त्याचे नेमके माप १,५९५ घनसेंटिमीटर, सिलिंडर चार. आता २४० झेडचे इंजिन पाहावे: सिलिंडर सहा, प्रत्येकाचा व्यास तोच ८३ मिलिमीटर, दट्ट्याची धाव तीच ७३.७ मिलिमीटर, एकूण माप २,३९३. म्हणजे चाराचे सहा केले, इतकेच. सर्वस्वी नवे यंत्र घडविण्याचा खर्च वाचला, आणि म्हणून ती गाडी अमेरिकेत ३,५२६ डॉलरना विकता आली. त्या काळच्या जग्वार किंवा पोर्शेच्या किमतीपुढे हा आकडा ग्राहकास स्वप्नवत वाटला असल्यास नवल नाही. एक डॉलर म्हणजे ३६० येन हा १९४९ पासून ठरलेला भाव तेव्हा चालू होता, हेही या स्वस्ताईचे एक कारण आहे. १९७१ मध्ये तो भाव मोडला.

गाडीचे रूप कोणाचे, यावर बरीच वर्षे वाद झाला. आल्ब्रेख्ट गोर्ट्‌झ या जर्मन शिल्पकाराने निसानसाठी काही काळ सल्लागार म्हणून काम केले होते, आणि झेडचे श्रेय पुष्कळदा त्यांच्याकडे जाई. आता ते श्रेय योशिहिको मात्सुओ व त्यांच्या सहकाऱ्यांस दिले जाते, आणि ते योग्यच आहे. या मात्सुओंनीही पुढे काही वर्षांतच कंपनी सोडली. ज्यांनी ही गाडी घडविली त्यांपैकी फार थोड्यांना तिच्या सावलीत बसता आले.

नावाची गोष्ट तर नाट्यमय आहे. अध्यक्ष कावामातांनी अमेरिकेत 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक पाहिले, आणि तेव्हापासून कंपनीच्या स्पोर्ट्‌स गाड्यांना 'फेअरलेडी' म्हणण्याचा प्रघात पडला. नवी गाडीही त्याच नावाची पाटी लावून अमेरिकेस उतरली. हे नाव धारण करणारी गाडी अमेरिकन तरुण विकत घेणार नाही, अशी कातायामांची खात्री होती. त्यांनी पाट्या काढून टाकविल्या आणि त्या जागी '२४० झेड' अशा पाट्या बसविल्या. २४० म्हणजे इंजिनाचे माप, २.४ लिटर. हे नाव कंपनीच्याच कागदोपत्री वापरात होते, म्हणून मुख्यालयास त्याला हरकत घेणे जड गेले. हुकूम न मोडता हुकूम बदलण्याची ही कला फार जुन्या नोकरदारालाच साधते.

मौज अशी की जिथे ही गाडी जन्मली तिथे प्रथम तिचे धाकटे भावंडच राहिले. जपानात दोन लिटरच्या वरील इंजिनावर कराचा बोजा फार मोठा असे. म्हणून स्वदेशी फेअरलेडी झेडला दोन लिटरचे इंजिन होते. शर्यतीचे रक्त असलेले, चोवीस झडपांचे इंजिन बसविलेली 'झेड ४३२' थोड्या धनिकांनी घेतली. २.४ लिटरची गाडी जपानी ग्राहकाच्या हाती १९७१ मध्ये आली आणि १९७३ मध्ये गेलीही. तिकडे परदेशात मात्र तिने नाव काढले. पूर्व आफ्रिकेची सफारी शर्यत म्हणजे चिखल, धूळ आणि दगड यांचा कळस. ती १९७१ साली एडगर हेरमान यांनी २४० झेडमधून जिंकली, आणि १९७३ साली शेखर मेहता यांनी. मेहता हे युगांडात जन्मलेले, भारतीय वंशाचे. १९७२ साली त्या देशातून आशियाई लोकांची हकालपट्टी झाली, आणि त्याच्या पुढल्याच वर्षी केनियाच्या रस्त्यांवर हा विजय. हॅरी काल्स्ट्रॉम यांचे व त्यांचे दंडगुण समसमान झाले होते. नियमाच्या काट्यावर निकाल मेहतांकडे झुकला. सफारी त्यांनी पुढे आणखी चार वेळा जिंकली.

१९७७ साली कातायामांस परत बोलावण्यात आले. सतरा वर्षांत त्यांनी अमेरिकेत शून्यातून एक बलाढ्य व्यापार उभा केला होता. मायदेशी त्याच्या तोलाचे पद त्यांच्यासाठी नव्हते. पुढे १९८० च्या दशकात 'डॅटसन' हे नावच कंपनीने मोडीत काढले. अमेरिकन शौकीन मात्र त्यांना 'मिस्टर के' या नावाने ओळखत राहिले, आणि १९९८ साली अमेरिकेतील मोटार-उद्योगाच्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश झाला. जपानमधील तशाच संस्थेने हा मान त्यांना २००८ साली दिला. २०१५ च्या फेब्रुवारीत, एकशेपाच वर्षांचे होऊन, ते वारले.

आता मालकीविषयी. या पहिल्या पिढीच्या झेड गाड्या पाच लाखांहून अधिक झाल्या, आणि त्यातील बहुसंख्य अमेरिकेस गेल्या. म्हणून तिथे नेमणुकीवर किंवा नोकरीनिमित्त राहणाऱ्यास ती आजही सापडते. परंतु तिचा शत्रू गंज. पत्रा पातळ, आणि त्या काळची गंजरोधक प्रक्रिया जेमतेम. ज्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात तिथल्या गाडीचे तळपत्रे, त्याखालील आधाराच्या पट्ट्या, बॅटरीखालचा कोनाडा आणि मागच्या चाकांभोवतीचा पत्रा आधी पाहावा. रंगाची झळाळी नंतर. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेतील गाडी थोडी महाग पडली तरी अंती स्वस्त. उन्हाने तिथे पुढल्या फळीचे आवरण तडकलेले असते, पण ते सोसता येते. इंजिनाच्या कप्प्यातील पट्टीवर जो इंजिन-क्रमांक कोरलेला असतो, तो प्रत्यक्ष इंजिनाशी जुळतो का हेही पाहावे. मागच्या दारावर हवेच्या दोन झडपा असलेल्या अगदी आरंभीच्या गाड्यांना चढा भाव येतो. १९७३ च्या गाडीवरचे चपट्या माथ्याचे कार्ब्युरेटर धूर कमी करण्याच्या कायद्यासाठी आले होते. ते काढून आधीचे गोल माथ्याचे बसविण्याची शौकिनांत रीत आहे. भावाचे म्हणाल तर १९७१ ची एक अप्रतिम राखलेली गाडी २०२० च्या जानेवारीत ३,१०,००० डॉलरना गेली. तो आकडा अपवादाचा आहे; तो मनात धरून कोणी खरेदीस निघू नये, आणि विक्रीस तर मुळीच निघू नये.

जपानात राहणाऱ्यांची अडचण निराळी. तिथे ठराविक मुदतीने 'शाकेन' नावाची कडक तपासणी करून घ्यावी लागते. गाडी ठेवण्यास जागा आहे असा दाखला बहुतेक शहरांत आधी द्यावा लागतो. आणि तेरा वर्षांवरील पेट्रोल गाडीवर कर वाढतो. जुनी गाडी बाळगणे हा तिथे दंडनीय नसला तरी दंड भरण्यासारखाच प्रकार आहे. अशा अनेक गाड्या लिलावात येऊन परदेशी जातात. अमेरिकेने १९८८ च्या कायद्यान्वये पंचवीस वर्षांवरील गाड्यांना सुरक्षिततेच्या नियमांतून सूट दिली, तेव्हापासून या जलमार्गास चांगलीच भरती आली.

खरा प्रश्न पुढे येतो: नेमणूक संपल्यावर काय? आपल्याकडील आयातीच्या नियमांत ही गाडी अनेक वर्षे अधांतरी लोंबत होती. वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी नसावी, आणि तिचे सुकाणू उजव्या हाताला असावे, अशी अट. ऐतिहासिक म्हणून सूट मागावी तर ती १९५० पूर्वीच्या गाड्यांना. १९७० ची झेड एका खिडकीस फार म्हातारी आणि दुसरीस फार तरुण. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये लागतात, आणि रोजच्या वापरास अशी गाडी काढता येत नाही. पहिल्या वर्षांच्या झेड गाड्या आता त्या वयात आल्या आहेत. आयातीचे नियम मात्र वरचेवर बदलतात. निघण्यापूर्वी ते प्रत्यक्ष वाचावेत, मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. आणि इथे आणलीच, तर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलापुढे तिच्या जुन्या रबरी नळ्या टिकणार नाहीत. त्या आधी बदलाव्यात.

निसानचे नाव आपल्या देशास अगदीच परके होते असे नाही. जबलपूरच्या मंडळींना सैन्याची 'जोंगा' आठवत असेल. ती निसानच्या पॅट्रोल गाडीवरून तिथल्या कारखान्यात घडविली जाई. मुंबईत कुर्ल्याला झालेल्या प्रीमिअर ११८ एनई गाडीचे इंजिनही निसानच्याच घराण्यातले. जोंगा चालविलेल्या हातांना झेडच्या यंत्रातील साधेपणा ओळखीचा वाटेल.

खरेदीपूर्वी चेसिस-क्रमांकाची आरंभीची अक्षरे पाहावीत. 'एचएलएस ३०' असेल तर सुकाणू डावीकडे. ही अमेरिकेची गाडी, कातायामांनी भांडून घेतलेली, आणि मायदेशी परतणाऱ्या आपल्या माणसास निरुपयोगी. त्याने 'एचएस ३०' शोधावी. ती इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात आणि १९७१ ते १९७३ या काळात जपानात विकली गेली. जपानातील गाडीवर अर्थात 'फेअरलेडी' हीच पाटी असते. तिथे ते नाव कोणी काढले नाही. २०२२ साली आलेली नवी झेडसुद्धा जपानात त्याच नावाने विकली जाते.