न्यायालयात आलेला लांडगा

महाभारतातला किंदम ऋषी हरणाच्या रूपात वनात विहार करीत असताना पंडूच्या बाणाला बळी पडतो, ही कथा आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. माणसाचे जनावर होते ही समजूत सर्वदूर आढळते, आणि तिच्यावरचा अविश्वासही तितकाच जुना आहे. न्यूरी लोक वर्षातून काही दिवस लांडगे होतात असे शपथेवर सांगितले जाते, पण आपल्याला ते पटत नाही, असे हिरॉडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच लिहून ठेवले. सातव्या शतकातल्या ईजिनाच्या पॉल या वैद्याने तर रात्री लांडग्याप्रमाणे भटकणाऱ्यांना सरळ रोगी मानले व उपचार सांगितले.

तरीही सोळाव्या शतकात युरोपातील न्यायालये अशा 'लांडग्यांना' देहदंड देत होती. १५८९ साली कोलोनजवळ बेडबुर्ग येथे पीटर स्टुम्प याला हालहाल करून मारण्यात आले. सैतानाने दिलेला पट्टा बांधला की आपण लांडगा होतो, असा त्याचा कबुलीजबाब होता. तो छळाच्या धाकाने दिलेला होता, हे वर्गात जरूर सांगावे.

१९६० च्या दशकात एका ब्रिटिश डॉक्टरने या समजुतीचे मूळ पॉर्फिरिया या रोगात शोधले. या रोगाच्या काही प्रकारांत उन्हाने त्वचा सोलवटते, चेहऱ्यावर केस वाढतात, दात लालसर होतात. स्पष्टीकरण आकर्षक आहे, पण आम्हाला ते अपुरे वाटते. रोग अतिशय दुर्मीळ. शिवाय खटल्यांची लाट ठरावीक काळातच का आली, हे त्यातून कळत नाही.

१६०३ साली नैऋत्य फ्रान्समध्ये झाँ ग्रेनिए हा तेरा-चौदा वर्षांचा गुराखी पोर पकडला गेला. जंगलच्या स्वामीने आपल्याला लांडग्याचे कातडे दिले, ते पांघरून आपण मुले खाल्ली, असे तो स्वतःच सांगत सुटला होता. त्या भागात लांडगे खरोखरच होते आणि मुले मारली गेली होती, त्यामुळे लोकांचा विश्वास बसला. स्थानिक न्यायाधीशाने त्याला दोषी ठरवले. बोर्दोच्या वरिष्ठ न्यायालयाने मात्र डॉक्टरांकडून त्याची तपासणी करवली. मुलाची बुद्धी सात-आठ वर्षांच्या पोराइतकीही नाही, आणि रूपांतर झाले ते फक्त त्याच्या बिघडलेल्या मनात, असा निर्वाळा देऊन न्यायालयाने त्याला आजन्म मठात ठेवण्याचा हुकूम केला. बाहेर पाऊल टाकल्यास मृत्यू, ही अट होतीच. (दयेलाही त्या काळी कुंपण असे!)

१६१० मध्ये पिएर द लांक्र त्याला भेटायला मठात गेला. हा साधा पाहुणा नव्हे. आदल्याच वर्षी बास्क प्रदेशात चेटकिणी ठरवून कित्येकांना त्याने चितेवर पाठवले होते. लांब नखांचा, काळ्या दातांचा तो तरुण त्याला म्हणाला, की लांडगे पाहायला आपल्याला अजूनही आवडतात. त्यानंतर थोड्याच काळात ग्रेनिए त्याच मठात वारला.