चित्रपट-व्यवसायाचें भांडवल आणि त्याचे धनको

एखाद्या राज्याचा इतिहास लिहितांना त्याच्या लढाया सांगाव्या आणि वसुलाचा आंकडा सांगूं नये, तर तो इतिहास अर्धाच राहतो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. आमच्या चित्रपटांचा इतिहास मात्र अजून बहुतेक लढायांचाच आहे. कोणता चित्रपट कोणत्या तारखेस लागला, त्यांत कामें कोणीं केलीं, तो किती आठवडे चालला, हें पुष्कळांनीं लिहिलें. परंतु त्यास पैसा कोणीं दिला, कोणत्या अटींवर दिला, आणि तो बुडाला तेव्हां कोणाचा बुडाला, याचा शोध थोड्यांनींच केला आहे. प्रस्तुत लेखांत त्या अंगाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें : या देशांत चित्रपट करणारांस कसब कमी पडलें नाहीं, प्रेक्षकही कमी पडला नाहीं. कमी पडलें तें कायद्याच्या वाटेनें, वाजवी व्याजानें आणि बेताच्या मुदतीनें मिळणारें भांडवल. सरकारनें या धंद्याकडून कर घेतला, पण पत दिली नाहीं. म्हणून तो प्रथम घरच्या दागिन्यांवर, मग भागीदारांवर आणि शेवटीं वितरकाच्या आगाऊ रकमेवर जगला.

या प्रश्नाचीं दोन सूत्रें आमच्या जुन्या शास्त्रांतच सांपडतात. कौटिल्यानें गणिकाध्यक्षाच्या प्रकरणांत परमुलखांतून आलेल्या नटांच्या ताफ्यावर पांच पणांचें प्रेक्षावेतन बसविलें आहे. म्हणजे खेळ म्हटला कीं राजाचा हात प्रथम करासाठीं पुढें येतो, ही रीत जुनी आहे. दुसरें सूत्र संभूयसमुत्थानाचें. अनेकांनीं मिळून केलेल्या उद्योगाचा हा विषय मनूनें अठरा व्यवहारपदांत गणिला, आणि बृहस्पतीनें त्यांत शिल्पी व नर्तक यांच्या वांटणीचाही विचार केला. कर आणि भागीदारी हीं दोन्ही सूत्रें पुढें वारंवार भेटतील.

मुंबईंत ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला, त्याचा दर माणशीं एक रुपया होता. पुढें नॉव्हेल्टी नाट्यगृहांत खेळ सुरू झाल्यावर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत निरनिराळे दर ठेवण्यांत आले. स्वस्त जागेवर गर्दी व महाग जागेवर प्रतिष्ठा, ही वहिवाट तेव्हांपासूनची. म्हणजे गिऱ्हाईक आरंभापासून तयार होतें. प्रश्न होता तो माल निर्माण करणाराचा.

त्या प्रश्नास दादासाहेब फाळके यांनीं जें उत्तर दिलें, तें सर्वांस ठाऊक आहे. पण त्याकडे जमाखर्चाच्या दृष्टीनें क्वचितच पाहिलें जातें. १९१२ सालीं विलायतेस जाण्यासाठीं त्यांनीं आपली आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकली. परत आल्यावर वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा एक लहानसा चित्रपट तयार केला, आणि तो पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनीं कर्ज दिलें. त्यापुढें सरस्वतीबाईंचे दागिने गेले. ३ मे १९१३ रोजीं कॉरोनेशनमध्यें 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्याच्या मागें भांडवल म्हणून उभें होतें तें एवढेंच : एक विमा, एक मित्र व एका गृहिणीचें स्त्रीधन. सरस्वतीबाईंच्या त्यागाचें वर्णन आपण कौतुकानें करतों व तें योग्यच आहे. परंतु ज्या मुंबईंत त्या वेळीं गिरण्यांस लाखों रुपये उभे करून मिळत होते, त्याच मुंबईंत एका नव्या धंद्यास बायकोच्या दागिन्यांवांचून तारण नव्हतें, हाही त्याच गोष्टीचा अर्थ आहे.

याचें कारण सावकारांच्या दुष्टपणांत शोधणें बरोबर होणार नाहीं. गिरणीस कर्ज देणारी पेढी जमीन, यंत्रें व कापसाच्या गांठी पाहते. चित्रपटाचा सर्व खर्च पहिलें तिकीट विकण्यापूर्वींच होऊन गेलेला असतो, आणि त्याची किंमत पहिल्या खेळापर्यंत करणारासही ठाऊक नसते. चालला तर तो वर्षानुवर्षें पैसा देईल. पडला तर त्याची किंमत फिल्मवरच्या चांदीएवढी. अशा मालावर पेढी आपण होऊन पैसा देत नाहीं. तेथें एक तर पुष्कळ चित्रपटांत धोका वांटून घेणारी मोठी संस्था लागते, नाहीं तर सरकारचा आधार. आमच्याकडे पहिली मोडली व दुसरा उशिरानें आला.

पहिली संस्था उभी करण्याचा यत्न फाळक्यांच्या बाबतींतच झाला. १९१७ च्या 'लंकादहन' चित्रपटाच्या यशानंतर लोकमान्य टिळकांसारख्यांनीं त्यांच्या कारखान्याची मोठी कंपनी करण्याच्या विचारांत लक्ष घातलें होतें. तें साधलें नाहीं. १९१८ च्या आरंभीं पैसेवाल्या भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. एका बाजूस खर्चाचा हिशेब मागणारे भागीदार, दुसऱ्या बाजूस कलेसाठीं खर्च करणारा कर्ता; अल्पकाळांतच खटके उडाले व फाळके कंपनी सोडून काशीस गेले. पुढें ते परत आले, पण धनी म्हणून नव्हे. कर्ता आणि धनको यांचा हा पहिला कलह आमच्या मतें पुढील साऱ्या इतिहासाचा नमुना आहे.

कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीस पैसा पुरविला तो गायिका तानीबाई कागलकर यांनीं. त्याच कंपनीनें १९२५ सालीं नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' काढला. कर्जापायीं जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. उसन्या पैशावर चालणाऱ्या धंद्यानें सावकाराविरुद्ध पहिली तक्रार मांडावी, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

आतां सरकारकडे वळूं. करमणूक-कर बंगालमध्यें १९२२ सालीं व मुंबई इलाख्यांत १९२३ सालीं सुरू झाला. नफा होवो वा न होवो, प्रत्येक तिकिटावर तो द्यावाच लागे. म्हणजे पडलेल्या चित्रपटाच्या थोड्या प्रेक्षकांकडूनही सरकारचा वांटा आधीं निघे. १९२७ च्या ऑक्टोबरांत सरकारनें दिवाणबहादुर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. तिनें देशभर फिरून ३५३ साक्षी घेतल्या. समिति नेमण्याचा मूळ रोख ब्रिटिश चित्रपटांस सवलत देतां येईल काय, इकडे होता. परंतु हिंदी सभासदांनीं १९२८ च्या अहवालांत देशी धंद्याचा कैवार घेतला : निर्मात्यांस कर्ज द्यावें, कच्च्या फिल्मवरील जकात काढावी, चित्रगृहांत देशी चित्रपटांचा कांहीं हिस्सा बंधनकारक करावा. शिक्षकी पेशांतून निवृत्त झाल्यावर हा अहवाल आम्हीं सावकाश वाचला, आणि आश्चर्य वाटलें तें त्याच्या दूरदृष्टीचें नव्हे, तर तो जसाच्या तसा बासनांत गुंडाळला गेला याचें.

सरकारी आधार नसतां दोन संस्थांनीं दोन निरनिराळ्या वाटा धरल्या. १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर हे चार कसबी. पांचवे सीतारामपंत कुलकर्णी हे सराफीच्या व्यवसायांतले, भांडवल पुरविणारे. हें शुद्ध संभूयसमुत्थान. १९३३ सालीं कंपनी पुण्यास आली. नट, सुतार, रंगारी सारे महिन्याच्या पगारावर. एका चित्रपटाचा नफा पुढच्या चित्रपटांत. १९३६ चा 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रलमध्यें वर्षाहून अधिक काळ चालला. दुसरी वाट १९३४ च्या बॉम्बे टॉकीजची. हिमांशु राय यांनीं ती भागभांडवलाची कंपनी म्हणून काढली व तिच्या संचालकांत मुंबईचे सर ही पदवी लावणारे धनिक व कायदेपंडित बसविले. चित्रपटासाठीं समाजाकडून उघडपणें भांडवल घेण्याचा हा मोठाच प्रयोग होता.

दोन्ही वाटा १९५५ च्या आंतच संपल्या. येथें कोणी आक्षेप घेईल कीं, प्रभात भांडवलाअभावीं मोडली नाहीं. १९४२ सालीं शांताराम बाहेर पडले व १९४५ सालीं दामले वारले, म्हणून मोडली. बॉम्बे टॉकीजमध्येंही १९४० सालीं राय वारल्यावर तट पडले. आक्षेप खरा आहे, पण तो आमच्याच बाजूस येतो. जेथें भागीदार हेंच भांडवल असतें, तेथें भागीदार गेला कीं भांडवल जातें. गिरणीचा मालक वारला म्हणून गिरणीचे चाते थांबत नाहींत, कारण तिच्यामागें पेढी उभी असते. प्रभातच्या मागें प्रभातच होती.

या संस्था खिळखिळ्या होत असतांनाच दुसऱ्या महायुद्धानें धंद्याचें रूप पालटलें. युद्धाच्या पैशांत आलेला काळा नफा गुंतवणुकीची जागा शोधत होता. कच्च्या फिल्मची टंचाई होती. १९४३ सालीं तिच्यावर परवाना आला व चित्रपटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत आवळली गेली. परवाना हाच विकाऊ माल बनला. युद्ध संपतांच नियंत्रण उठलें, आणि पुढील तीन महिन्यांत शंभरांहून अधिक नवे निर्माते उतरले, असें १९५१ च्या चित्रपट-चौकशी समितीच्या अहवालांत नमूद आहे. यांतील बहुतेकांजवळ कारखाना नव्हता, पगारी माणसें नव्हतीं. त्यांनीं एक नामांकित नट ठरवावा, त्याच्या नांवावर वितरकाकडून आगाऊ रक्कम उचलावी, तिच्यावर चित्रीकरण सुरू करावें व उरलेल्यासाठीं सावकार गांठावा. तारण म्हणून आतां दागिन्यांची जागा नटाच्या चेहऱ्यानें घेतली, आणि म्हणूनच त्याचा मोबदला चित्रपटाच्या खर्चांत सर्वांत जड झाला. त्याचा मोठा हिस्सा पावतीवांचून दिला जाऊं लागला.

या वितरण-व्यवस्थेंत इतिहासाच्या अभ्यासकास एक कौतुकाची गोष्ट सांपडते. देशाचे जे विभाग पाडून चित्रपटाचे हक्क विकले जात, त्यांचीं नांवें सी. पी. बेरार, निझाम, म्हैसूर, ईस्ट पंजाब अशीं. मध्यप्रांत-वऱ्हाड १९५० सालीं नकाशावरून गेला, निझामाचें राज्य १९४८ सालींच संपलें; पण चित्रपटाच्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत तीं नांवें पुढें पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलीं. राज्यें बदललीं तरी सावकाराची वही बदलत नाहीं, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

स्वराज्यानंतर १९४९ सालीं स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालीं नवी समिति बसली. शांताराम तिचे सभासद होते. तिनें १९५१ सालीं पुन्हा कर्ज देणाऱ्या महामंडळाची शिफारस केली. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघालें तें १९६० सालीं, म्हणजे पहिल्या शिफारशीनंतर ३२ वर्षांनीं. त्याच वर्षीं प्रभातच्या मोकळ्या जागेंत सरकारनें चित्रपटकलेचें विद्यालय सुरू केलें. महामंडळाचें भांडवल इतकें अल्प होतें कीं, त्याच्या कर्जावर कांहीं उत्तम चित्रपट निघाले, पण धंद्याची सावकारी सुटली नाहीं. केंद्र सरकारनें चित्रपटास उद्योग म्हणून मान्यता दिली ती १९९८ च्या मे महिन्यांत, आणि बँकांचें दार खऱ्या अर्थानें उघडलें तें २००० नंतर. १९२८ पासून मोजतां सत्तर वर्षें झालीं. मधल्या काळांत गुन्हेगारांचा पैसा या धंद्यांत शिरला, असें जें बोललें जातें, त्याचें मूळ या सत्तर वर्षांत आहे. पुढचें दार बंद ठेवलें कीं मागच्या दारानें कोण येतो, हें घरधन्यास विचारतां येत नाहीं.

दूरदर्शनची कथा उलट्या टोंकानें सुरू होते. १९५९ सालीं दिल्लींत व १९७२ सालीं मुंबईंत तें आलें, तेव्हां धनको एकटें सरकार होतें. १९७६ सालीं जाहिराती घेतल्या जाऊं लागल्या. १९८४ च्या 'हम लोग' मालिकेपासून खासगी व्यापाऱ्याच्या पुरस्कारानें मालिका चालूं लागल्या. १९९२ सालीं खासगी वाहिनी आली. येथें प्रेक्षक तिकीट काढीत नाहीं. त्याचें लक्षच जाहिरातदारास विकलें जातें. तरीही चित्रपटास यांतून एक लाभ झाला. प्रक्षेपणाचा हक्क विकून लेखी कराराची रक्कम हातीं पडूं लागली. मराठी चित्रपटास तर आधीं १९७५ पासून महाराष्ट्र सरकारनें करपरतीच्या योजनेनें हात दिला होता, आणि नंतर वाहिन्यांचा आधार मिळाला. करमणूक-कर स्वतः १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा करांत विलीन झाला. पण आगाऊ रक्कम देणाराच्या आवडीप्रमाणें चित्रपट घडतो, हा नियम वितरकाच्या जागीं वाहिनी आल्यानेंही बदलला नाहीं.

या साऱ्याची किंमत कोणीं दिली? भागीदारांनीं व कामगारांनीं दिली, हें उघड आहे. पण आणखी एक किंमत आहे, आणि ती आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांस द्यावी लागली. या देशांत तेराशेंच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण-अपूर्ण मिळून मोजकेच आज हातीं आहेत. 'राजा हरिश्चंद्र' पूर्ण स्वरूपांत उपलब्ध नाहीं. १९३१ चा पहिला बोलपट 'आलम आरा' याची एकही प्रत उरली नाहीं. हवा, आग व दुर्लक्ष हीं कारणें आहेतच. परंतु ज्या धनकोचें कर्ज फिटलें वा बुडालें, त्यास जुन्या रिळाचें मोल चांदीपुरतेंच होतें, आणि जी संस्था तें जपून ठेवती, ती आधींच मोडली होती. टिकाऊ भांडवल नसलेल्या धंद्यास स्मृतीही टिकवितां येत नाहीं.

रिळें गेलीं तीं गेलीं. परंतु रोजकीर्दी, खतावण्या, भागीदारीचे करारनामे, वितरकांचीं पत्रें, पगारपत्रकें हा कागद अजून कोल्हापूर, पुणें, नाशिक, मुंबई येथील जुन्या घरांच्या माळ्यांवर असण्याचा संभव आहे. पेशव्यांच्या कारकुनाची फर्दी जपणाऱ्या आमच्या मंडळींस चित्रपट-कंपनीच्या मुनिमाची वही हलकी वाटूं नये. पाहणारास पडद्यावरचा राजा दिसला. त्याचा मुकुट कोणाच्या कर्जावर घडला, हें त्या वहींतच लिहिलेलें आहे. ज्या वाचकांच्या घरीं असा कागद असेल, त्यांनीं तो रद्दींत जाण्यापूर्वीं संशोधकांच्या नजरेस आणावा, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करतों.