खोडदची दुर्बीण आणि रॅकमधला स्विच

मागे ऑफिसात रॅकमध्ये स्विच बसवताना मी केबलना लेबलं लावली नाहीत. दोन केबल उलट जोडल्या गेल्या आणि अर्धा दिवस चूक शोधण्यात गेला. आजची गोष्ट त्यावरूनच आठवली.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ गोविंद स्वरूप यांच्या टीमने उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, साधारण 25 किलोमीटरमध्ये पसरलेल्या. प्रत्येकीचा सिग्नल ऑप्टिकल फायबरने मुख्य इमारतीत येतो. 2001 मध्ये ती राष्ट्राला अर्पण झाली, तेव्हा हे सिग्नल जुळवायला खास बनवलेलं हार्डवेअर होतं. 2010च्या सुमारास हे काम साध्या लिनक्स कॉम्प्युटरांच्या क्लस्टरवर आलं.

पण 30 अँटेनांच्या जोड्या होतात 435! प्रत्येक जोडी जुळवायची, तर सगळ्या अँटेनांचा एकाच क्षणाचा डेटा एकाच कॉम्प्युटरवर यायला हवा. म्हणून वेळेचे तुकडे करायचे आणि एकेका कॉम्प्युटरला एकेक तुकडा द्यायचा. ही वाटणी तेव्हा व्हायची गिगाबिट नेटवर्कवर, म्हणजे स्विचमधून.

विचार करा, दोन अँटेनांची नावं आपसात बदलली तर? डेटा येत राहील, पण आकाशाचं चित्र चुकेल. तेव्हापासून मी लेबल आधी लावतो, केबल नंतर जोडतो.