नाव नसलेल्या गोधड्या



शिवणाच्या पिशवीत उरलेल्या तुकड्यांचं आपण काय करतो? बाळाचं दुपटं, पायपुसणं, फार तर एखादी गोधडी. ते सगळं घरातच राहतं. कॅनडातल्या बायकांनी मात्र अशाच तुकड्यांमधून मोठं दान उभं केलं. तो इतिहास आज सांगते.

त्याची सुरुवात एका आईपासून होते. ॲडलेड हूडलेस या बाईंचं तान्हं मूल १८८९ मध्ये गेलं. दूषित दुधानं ते गेलं, असं त्यांच्या मनानं घेतलं. घरकाम हेसुद्धा शिकण्याचं शास्त्र आहे, असं त्या गावोगाव सांगू लागल्या. १८९७ मध्ये ऑन्टारिओतल्या स्टोनी क्रीक इथं ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ हे गृहिणींचं पहिलं मंडळ सुरू झालं, आणि मग खेड्याखेड्यांत तशी मंडळं निघाली. आपल्या भगिनी मंडळांसारखीच म्हणा ना!

पहिल्या महायुद्धात या बायकांनी रेड क्रॉससाठी ‘नावांच्या गोधड्या’ केल्या. बऱ्याच ठिकाणी दर असे एका नावाला दहा सेंट. पैसे द्या, तुमचं नाव लाल दोऱ्यानं कापडावर भरलं जाईल. शंभर नावांचे दहा डॉलर झाले. शेवटी गोधडीचा लिलाव, त्याचे पैसे वेगळे. म्हणजे एकाच वस्तूची दोनदा विक्री. मी कॉमर्सची, मला हा हिशेब फारच आवडला.

दुसऱ्या महायुद्धात गरज वेगळी होती. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बाँब पडले. घरं गेली, अंथरूण-पांघरूणही गेलं. पुढे १ जून १९४१ पासून इंग्लंडमध्ये कापडावर रेशनिंग आलं. माणशी वर्षाला ६६ कुपनं, आणि बायकांच्या एका लोकरी पोशाखालाच त्यातली ११ जात. अशा वेळी नवं पांघरूण आणायचं कुठून?

ती उणीव कॅनडातल्या चिंध्यांनी भरून काढली. मंडळांतल्या आणि चर्चमधल्या बायका मोठ्या लाकडी चौकटीवर कापड ताणून भोवती बसत. जुन्या कोटाचे तुकडे, शर्टाच्या कडा, पिठाच्या पोत्यांचं कापड, जे हाताशी असेल ते. आपण गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर घालतो. तिथल्या थंडीसाठी आत कापूस, लोकर किंवा विटलेलं ब्लँकेट घालत. वेळ कमी असेल तर टाके न घालता ठिकठिकाणी दोऱ्याच्या गाठी मारत. तयार गोधड्या जहाजानं अटलांटिक ओलांडून जात, तेही पाणबुड्यांच्या भीतीत. मग त्या बेघर कुटुंबांत आणि इस्पितळांत वाटल्या जात.

या गोधड्यांच्या मागे एक छोटी पट्टी शिवलेली असे. तिच्यावर कॅनेडियन रेड क्रॉसचं नाव. करणारीचं नाव बहुतेक गोधड्यांवर नाहीच.

आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानतात, आणि मलाही ते पटतं. मंदिराच्या पायरी-पायरीवर कोरलेली दात्यांची नावं वाचून मी पुष्कळदा मनात हसलेही आहे. पण एक गोष्ट खटकते. त्या पाट्यांवर पुरुषांची नावं असतात, नाहीतर ‘परिवार’ असतो. बाईचं नाव बहुधा ‘स्मरणार्थ’ म्हणून येतं. पैसा ज्याच्या हाती, त्याला नाव लपवायचं की कोरायचं हे ठरवता येतं. जिच्या हाती नुसती सुई, तिला कुणी विचारलंच नाही. म्हणून पहिल्या युद्धातल्या त्या दहा सेंटच्या नावांचं मला अप्रूप वाटतं. आज तिथल्या संग्रहालयांत त्या गोधड्यांवर नातवंडं-पतवंडं आपल्या आजीचं नाव शोधू शकतात.

दुसऱ्या युद्धातल्या गोधड्या वापरून वापरून विरल्या. काही इंग्लंडमधल्या घरांत पेट्यांच्या तळाशी सापडल्या, आणि आता हौशी बायका त्या जपून ठेवतात. चौकटीभोवती चौघी बसल्या, की चौघींचे टाके चार तऱ्हेचे पडतात. एका कडेला बारीक, सरळ रेषेत. दुसऱ्या कडेला लांब, घाईचे. चौघी कोण, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही.