ताकुहोन : जपानी विद्वानांचे अक्षर आणि दगड खोदणारा हात

दगडावर कोरलेल्या लेखाचा कागदावर घेतलेला शाईचा ठसा, याला जपानीत ‘ताकुहोन’ म्हणतात. ओलसर पातळ कागद दगडावर बसवतात, ब्रशने ठोकून खोदलेल्या अक्षरांत दाबतात आणि किंचित सुकला की शाईची कापडी गादी हलक्या हाताने वरून टिपत नेतात. सपाट भाग काळा होतो, खोल अक्षरे पांढरी राहतात. शाई कागदाच्या वरच्या बाजूस लागत असल्याने अक्षर उलटे येत नाही. आपल्याकडे लेण्यांतील ब्राह्मी लेखांचे ठसेही साधारण असेच घेतले जातात.

एदो काळाच्या अखेरीस चिनी काव्य, चित्र आणि अक्षर यांत रमणाऱ्या विद्वानांना ‘बुंजिन’ म्हणत. त्या काळातील इचिकावा बेइआन, माकि र्योको आणि नुकिना काइओकु हे तिघे सुलेखनकार नावाजलेले. १८८० मध्ये यांग शोउजिंग हा चिनी विद्वान जुन्या शिलालेखांचे हजारो ठसे घेऊन जपानला आला. ते पाहून कुसाकाबे मेइकाकु (१८३८–१९२२) याच्यासारख्यांचे वळणच बदलले. म्हणजे ठसा हा नुसता जतनाचा उपाय नव्हता, ती शाळाही होती.

मेइकाकु सरकारी नोकरीत ओकुबो तोशिमिचीच्या हाताखाली होता. १८७८ मध्ये ओकुबोची हत्या झाली. पुढे मेइकाकुने नोकरी सोडून अक्षरालाच वाहून घेतले. तोक्योच्या आओयामा दफनभूमीतील ओकुबोच्या भव्य स्मारकशिळेवर त्याचेच अक्षर आहे (१९१०). मजकूर अडीच हजारांहून अधिक अक्षरांचा.

पण ठशात दिसते ते खरे कोणाचे अक्षर? कुंचला मेइकाकुचा, छिन्नी मात्र दुसऱ्याची. कुंचल्याचा दाब, सुकी रेघ, निमुळते टोक दगडात किती उतरेल हे खोदणारा ठरवतो. जपानी शिळांवर शेवटच्या ओळीत बऱ्याचदा त्याचेही नाव असते. तोक्योच्या यानाका भागात ‘गुनकाकु’ हे नाव खोदकामात पिढ्यान्‌पिढ्या चालले. आपल्या कार्ल्याच्या लेण्यातही धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराची नोंद आहे, हे इथे आठवते. ठसे कापून, पट्ट्या करून वहीत चिकटवण्याची जुनी रीत आहे. त्यात ही शेवटची ओळ गळली, तर कारागीर नाहीसा होतो आणि नाव उरते ते एकट्या विद्वानाचे. म्हणून अभ्यासासाठी अखंड ठसा पाहावा, शक्यतो जुना. ऊन-पावसाने आणि वारंवार ठसे घेतल्याने दगड झिजतो. आज शिळेवर पुसट झालेले अक्षर जुन्या कागदावर स्पष्ट सापडते.