आल्मा थॉमस : निवृत्तीनंतर उदयास आलेली चित्रकर्ती

अमेरिकेच्या जॉर्जिया संस्थानातील कोलंबस या गावी १८९१ साली आल्मा थॉमस या कृष्णवर्णीय बाईंचा जन्म झाला. काळ्या मुलांस तेथील ग्रंथालयात वा संग्रहालयात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. १९०७ साली कुटुंब वॉशिंग्टन येथे आले. हॉवर्ड विद्यापीठाच्या ललितकला विभागातून १९२४ साली पदवी घेणाऱ्या बाई या पहिल्याच.

पुढे सुमारे ३५ वर्षे शॉ या एकाच शाळेत त्यांनी चित्रकला शिकविली. स्वतःची चित्रे त्या काढीत नव्हत्या असे नव्हे. परंतु वर्गावरून थकून आलेल्या शिक्षकाच्या हाती कुंचला किती वेळ टिकतो, हे या पेशातील वाचकांस सांगावयास नकोच.

१९६० साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या निवृत्त झाल्या. संधिवाताने हात जखडू लागले होते. तशाही स्थितीत, खिडकीबाहेरील झाडाच्या पानांतून झिरपणारा प्रकाश न्याहाळता न्याहाळता त्यांस आपली रीत गवसली : शुद्ध रंगांचे आखूड पट्टे, कधी उभ्या ओळींत, कधी वर्तुळांत मांडलेले. स्वयंपाकघर हीच त्यांची चित्रशाळा. लौकिक मिळाला तो या चित्रांनी.

१९७२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. तेथे हा मान मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत, वय ८०! १९७८ साली त्या निवर्तल्या. त्यांचे १९६६ सालचे ‘रेझरेक्शन’ हे चित्र २०१५ साली राष्ट्राध्यक्षांच्या व्हाइट हाउसमधील जुन्या भोजनगृहात लावण्यात आले.